सुचवलेली पुस्तकं अर्धवटच का राहतात? बिघाड शोधायची एक पद्धत

तक्रार साधारण अशी असते. कोणीतरी डोळे मोठे करून सांगतं, "हे वाचच!" आपण पुस्तक मिळवतो, उत्साहाने उघडतो, तीस-चाळीस पानं होतात आणि खूण तिथेच अडकून बसते. मग दुसरं पुस्तक, दुसरा सुचवणारा आणि पुन्हा तेच. असं होत राहिलं की माणूस दोनांपैकी एक निष्कर्ष काढतो. एकतर आपली वाचनाची आवड संपली, नाहीतर लोकांना पुस्तकांतलं काही कळत नाही.

दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. पुस्तक बरं असतं, वाचकही बरा असतो, फक्त मधला निरोप अपुरा पोचलेला असतो. "छान आहे" एवढंच आपल्यापर्यंत येतं. ते कोणाला छान वाटलं, कशामुळे वाटलं आणि कुठल्या मनःस्थितीत वाटलं, हे वाटेत गळून जातं. दुरुस्ती करायची ती याच जागी.

## आधी एवढं तपासा

सुचवणाऱ्यांवर खापर फोडण्याआधी एक चाचणी घ्या. पूर्वी मनापासून आवडलेलं एखादं पुस्तक काढा आणि मधूनच कुठून तरी वीसेक पानं वाचा. रमलात, तर वाचक म्हणून तुम्ही ठणठणीत आहात आणि बिघाड निवडीत आहे. तेही हातात टिकलं नाही, तर सध्या कुठलंच पुस्तक टिकणार नाही. झोप अपुरी असेल, डोक्यात भलती काळजी असेल, फोन उशाशी असेल. अशा काळात नवी शिफारस मागूच नये. मागितलीत तर एखादं खरोखर तुमचं पुस्तकसुद्धा या दिवसांत वाया जातं आणि पुढे वर्षानुवर्षं "ते मी वाचून पाहिलं, जमलं नाही" या खात्यात पडून राहतं.

दुसरी तपासणी सुटलेल्या पुस्तकांची. शेवटची चार-पाच आठवा आणि प्रत्येक नेमकं कुठे सुटलं ते पाहा. पहिल्या पाच-दहा पानांतच सुटलं असेल, तर अडचण बहुधा भाषेची किंवा निवेदनाची असते. वाक्यांचा ठेका, निवेदकाचा सूर, भाषांतर असेल तर भाषांतराचा खडबडीतपणा. पन्नास ते शंभर पानांच्या दरम्यान सुटलं असेल तर गतीचा संशय घ्या. तुम्हाला काहीतरी घडायला हवं होतं आणि लेखक अजून घराण्याचा इतिहास सांगत होता. अर्ध्याच्या पुढे जाऊन सुटलं असेल, तर भाषा आणि गती तुम्हाला चालली होती, पण त्या माणसांचं पुढे काय होतं याची फिकीर उरली नाही. आणि जे पुस्तक उघडलंच गेलं नाही ते तुम्हाला कधी हवंच नव्हतं. ते भिडेखातर आणलं होतं. तुमच्याकडे असलीच पुस्तकं जास्त निघाली, तर मधलं सगळं सोडून खाली यादीबद्दल लिहिलंय तिथे जा.

हे काही शास्त्र नव्हे. पण तीन-चार पुस्तकं एकाच जागी सुटलेली दिसली, तर तो योगायोग म्हणून सोडून देऊ नये. पुढचे उपाय कुठून सुरू करायचे, ते तीच जागा सांगते.

## विचारणाऱ्याच्या प्रश्नातली खोट

"एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना" असं विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. समोरचा एकतर नुकतंच वाचून संपवलेलं पुस्तक सांगतो, नाहीतर ज्याबद्दल कोणी नाव ठेवू शकणार नाही असं, म्हणजे पुरस्कार मिळालेलं, जाड, सगळ्यांनी नाव ऐकलेलं. त्यात त्याचा दोष नाही. प्रश्नात धरायला काहीच नसलं की माणूस सुरक्षित उत्तर देतो. चार जणांत विचारलंत तर आणखीच गंमत. तिथे शिफारस म्हणजे थोडीफार स्वतःची ओळखही असते. तेच गृहस्थ एकटे भेटले की हळूच सांगतात, "खरं सांगू? मागच्या महिन्यात एका रहस्यकथेने मला रात्री दोनपर्यंत जागवलं." ही दुसरी शिफारस पहिलीपेक्षा कितीतरी कामाची. म्हणून शक्यतो एकेकट्याला विचारा, आणि "चांगलं" हा शब्द प्रश्नातून काढून टाका. "अलीकडे कुठल्या पुस्तकाने तुमची झोप किंवा काम खोळंबवलं?" या प्रश्नाला लोक खोटं उत्तर देत नाहीत.

आता आपली बाजू. आपल्याला काय हवंय हे सांगताना बहुतेक जण विषय सांगतात, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. युद्धावरची एक कादंबरी आवडली म्हटलं, की युद्धावरची आणखी पाच समोर येतात आणि पाचही सुटतात. कारण आवडलं ते युद्ध नव्हतंच. दोन भावांमधला अबोला आवडला होता. ग्रंथालयांत वाचकांना पुस्तकं सुचवण्याच्या कामावर जॉइस सारिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी १९८९ साली जे लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे. विषयापेक्षा पुस्तकाची गती, पात्ररेखाटन, कथानकाची जात आणि भोवतालचं वातावरण यांच्याकडे पाहा, वाचक त्यांच्या ओढीने येतो. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हे आणखी सुटसुटीत करून चार दारं सांगितली: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात, पण त्यातलं एखादं सताड उघडं असतं आणि बाकीची किलकिली. आणि प्रत्येक वाचकाचंही एक नेहमीचं दार असतं.

आपलं दार ओळखायला फार खटाटोप लागत नाही. आवडलेली तीन पुस्तकं घ्या, शक्यतो एकमेकांशी संबंध नसलेली. प्रत्येकाबद्दल कोणाला तरी तोंडी सांगून बघा आणि तुमच्या तोंडून आधी काय येतं तिकडे लक्ष द्या. "एक बाई असते, ती अशी काही हट्टी..." असं सुरू झालं तर पात्रं. "काय होतं की एक दिवस पत्र येतं आणि..." तर कथानक. "त्या बंदरावरचं ते जग..." म्हणालात तर परिसर. आणि गोष्ट सांगायच्या ऐवजी एखादं वाक्यच आठवू लागलात, तर भाषा. भाषेच्या दाराने येणाऱ्यांना शिफारशींचा त्रास सर्वात जास्त होतो, कारण कथा तोंडी सांगता येते, पण वाक्यांची चव सांगता येत नाही. अशा वाचकांनी शिफारस ऐकून निर्णय घेऊच नये. पुस्तकाचं कुठलंही मधलं पान वाचावं आणि मग ठरवावं. सुरुवातीचं पान नको, त्याच्यावर लेखकाने सर्वाधिक हात फिरवलेला असतो.

हे एकदा कळलं की प्रश्न आपोआप बदलतो. नमुन्यादाखल एक देतो:

"तीन पिढ्यांची एक मोठी कादंबरी मला आवडली, पण घटनांसाठी नाही. घरातली माणसं एकमेकांशी जे बोलत नाहीत, ते लेखिकेने ज्या तऱ्हेने दाखवलंय त्यासाठी. शिवाय एका गिर्यारोहकाचं आत्मकथन आवडलं, कारण त्यात तो स्वतःवर हसतो. सगळ्यांना आवडलेली एक प्रेमकथा मात्र मला झेपली नाही. प्रत्येक भावना तीन-तीनदा समजावून सांगितली होती. सध्या वेळ कमी आहे, दोनशे पानांच्या आतलं असेल तर बरं. कादंबरीच हवी असं नाही."

यात सर्वात कामाचं वाक्य चौथं: सगळ्यांना आवडलेलं पण तुम्हाला न आवडलेलं पुस्तक, आणि त्याचं कारण. आवडीची पुस्तकं सांगितल्याने शक्यता वाढतात, नावडतं सांगितल्याने त्या कापल्या जातात, आणि पुस्तकांच्या बाबतीत शक्यता आधीच नको तितक्या असतात. लोक हे सांगायला कचरतात, समोरच्याचं तेच लाडकं पुस्तक निघालं तर काय, म्हणून. निघालं तर उत्तमच. ही शिफारस तुमच्यासाठी नाही, हे दोघांनाही दोन मिनिटांत कळलं.

## कोणाचं ऐकायचं?

प्रश्न नीट विचारूनही पुस्तकं जमत नसतील तर माणूस बदलून पाहावा. इथे संगणकवाल्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे, कारण हाच प्रश्न त्यांनी तीस-पस्तीस वर्षं चघळला आहे. १९९२ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ईमेलच्या लोंढ्यातून कामाचं तेवढं निवडण्यासाठी एक प्रणाली तयार झाली. इतर वाचणाऱ्यांच्या प्रतिक्रियांवरून आपल्यासाठी निवड करायची, ही कल्पना तिथून रुजली. १९९४ मध्ये ग्रुपलेन्स या प्रकल्पाने ती बातमीगटांना, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चागटांना, लावली: ज्यांची मतं आजवर तुमच्याशी जुळली, त्यांना पुढे काय आवडतं ते तुम्हाला दाखवायचं. २००३ साली ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी आपली पद्धत एका लेखातून मांडली. त्यात माणसांऐवजी वस्तूंच्या जोड्या लावल्या होत्या. हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं, म्हणून हे पाहणाऱ्याला ते दाखवा.

यातून साध्या वाचकाने घ्यावं असं पहिलं सूत्र: प्रसिद्ध पुस्तकावर मत जुळणं याला जवळजवळ काहीच किंमत नाही. जे पुस्तक सर्वांनाच आवडतं, ते तुम्हा दोघांनाही आवडलं यात नवल ते काय? त्यावरून आवड जुळते असं समजून माणसं एकमेकांच्या शिफारशींवर विसंबतात आणि फसतात. तेच फार कोणी न वाचलेलं, बाजूला पडलेलं एखादं पुस्तक तुम्हा दोघांनाही भिडलं असेल, तर त्या माणसाला सोडू नका. शिफारसयंत्रं बनवणारेही या कारणासाठी सर्वांच्या आवडत्या गोष्टींचं वजन हिशेबात कमी धरतात.

दुसरं सूत्र जरा गमतीचं आहे. ज्याची आवड तुमच्या नेमकी उलट आहे असा वाचक जुळणाऱ्या वाचकाइतकाच उपयोगी पडतो, फक्त तो सातत्याने उलट हवा. तो "फार संथ आहे, काही घडतच नाही" म्हणाला की तुम्ही निश्चिंतपणे ते पुस्तक आणायचं. लायब्ररीथिंग या वाचकांच्या संकेतस्थळावर, जे २००५ साली सुरू झालं, एकेकाळी उलट्या शिफारशींची सोयच होती. एखाद्या पुस्तकाचं नाव दिलं की ते असणाऱ्यांच्या कपाटात सहसा न सापडणाऱ्या पुस्तकांची यादी ती द्यायची. केली होती अर्धी विनोद म्हणून, पण वाचायला फार बोधप्रद होती.

कोणाचं ऐकू नये? जो तुम्हाला सुधारायला पुस्तक देतोय, त्याचं. "तू हे वाचायला हवंस" यातला "हवंस" जोरात आला की समजा ही शिफारस तुमच्या वाचनासाठी नाही, तुमच्या वागण्यासाठी आहे. घ्यायचं तर घ्या, पण ते जमलं नाही म्हणून वाचनाला बोल लावू नका.

सगळ्या प्रकारांसाठी एकच माणूस शोधायची गरजही नाही. रहस्यकथांसाठी एक, चरित्रांसाठी दुसरी, कवितांसाठी तिसराच कोणी. कवितेत ज्याची निवड अचूक असते, त्याला कादंबऱ्यांत काडीचीही गती नसते, असं सर्रास दिसतं.

## ताऱ्यांचा घोळ

ओळखीचे वाचक नसले की माणूस रेटिंगकडे वळतो. तिथली सरासरी ही पुस्तकाची गुणपत्रिका समजली जाते, तशी ती नसते. एकतर, ज्याला पुस्तक आवडेलसं वाटतं तोच ते घेतो. त्यातही फार आवडलं किंवा फार राग आला तरच मत द्यायचे कष्ट घेतो. 'बरं होतं' म्हणणारे गप्प बसतात. त्यामुळे मतं दोन टोकांना साचतात आणि वरच्या टोकाला जास्त. शिवाय ताऱ्यांचा अर्थही सगळीकडे एकच नाही. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन तारे म्हणजे "ठीक होतं" आणि तीन म्हणजे "आवडलं", अशी तिथल्या चिन्हांची व्याख्या आहे, पण तीन तारे म्हणजे नापसंती असं समजणारे वाचक तिथे ढिगाने सापडतील.

मालिकांच्या बाबतीत तर रेटिंग हमखास चकवतं. तिसऱ्या-चौथ्या भागाची सरासरी पहिल्यापेक्षा जास्त दिसली म्हणून "पुढे पुढे रंगत जाते" असा अर्थ काढू नका. ज्यांना पहिला भाग आवडला नाही, ते पुढे गेलेच नाहीत. उरले ते भक्त.

पुरस्कारांचा परिणाम याहून अनपेक्षित आहे. बालाझ कोव्हाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठे पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि अंतिम यादीपर्यंत येऊन थांबलेली पुस्तकं यांची गुडरीड्सवरची मतं ताडून पाहिली. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचं रेटिंग न जिंकलेल्यांच्या तुलनेत घसरलं होतं. पुस्तकात एक अक्षरही बदललं नव्हतं, वाचक बदलले होते. पुरस्काराचा शिक्का पाहून असे अनेक जण आले, जे एरवी त्या पुस्तकाच्या वाटेला गेले नसते. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यात "प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक" हा एक आहे आणि लगेच पुढचा "प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक". पुरस्कारानंतर या पुढच्या नियमाची पार दैना होते. म्हणून पुरस्काराच्या यादीतून निवडायचंच असेल, तर विजेत्याला बाजूला ठेवून अंतिम यादीतली बाकीची नावं पाहा. तिथे गर्दी कमी असते.

मग परीक्षणं वाचायचीच नाहीत का? वाचायची, पण मधली. पाच ताऱ्यांच्या परीक्षणात आरती असते आणि एका ताऱ्याच्या परीक्षणात बहुधा "पानं फाटलेली आली". दोन-तीन तारे देणारा वाचक कारण देतो, आणि आपल्याला कारणच हवं असतं. त्याची तक्रार स्वतःला लावून पाहा. "शेवट उघडा ठेवलाय", "माहिती फार, गोष्ट कमी", "नायिका शेवटपर्यंत आवडून घेत नाही", "निम्मं पुस्तक स्वयंपाकघरात घडतं". यातली एखादी तक्रार वाचून मनात "अरे वा!" आलं, तर पुस्तक सापडलं.

## जिकडे तिकडे तीच दहा पुस्तकं

ही तक्रार वेगळी आहे. इथे पुस्तकं सुटत नाहीत, नवीन काही मिळतच नाही. ज्याला विचारावं तो तीच नावं घेतो.

कारण समजून घ्यायला एक प्रयोग उपयोगी आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली तो 'सायन्स' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केला. तो पुस्तकांचा नव्हता, गाण्यांचा होता. अनोळखी बँडची ४८ गाणी १४,००० हून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त नावं दिसत होती, तर काहींना आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तेही दिसत होतं. हे दुसऱ्या प्रकारचे श्रोते आठ वेगवेगळ्या गटांत विभागले होते आणि एका गटाला दुसऱ्याचे आकडे दिसत नव्हते. प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. पुस्तकांनाही हे लागू धरायला माझी हरकत नाही. गर्दीत वर दिसणारी दहा पुस्तकं वाईट नसतात, पण त्यांच्याइतकीच चांगली कितीतरी पुस्तकं निव्वळ सुरुवातीची गर्दी न लाभल्याने खाली राहिलेली असतात. लोकांना विचारत राहिलात तर तीच दहा मिळणार. इथे पुस्तकांनाच विचारावं लागतं.

ऋणनिर्देश वाचा. कोणी हस्तलिखित वाचलं, कोणाच्या सूचना घेतल्या, हे लेखक तिथे सांगतो, आणि त्या मंडळींतले अनेक जण स्वतः लिहीत असतात. माहितीपर पुस्तकाची संदर्भसूची म्हणजे तर एका जाणत्या वाचकाने वर्षानुवर्षं केलेल्या वाचनाची फुकटात मिळालेली यादी. तिच्यातलं प्रकरणांच्या टिपांत पुन्हा पुन्हा येणारं एखादं जुनं पुस्तक उचला. भाषांतरित पुस्तक आवडलं तर मूळ लेखकापेक्षा भाषांतरकाराचं नाव टिपून ठेवा. चांगला भाषांतरकार आपल्या आवडीची पुस्तकं निवडण्याचा आग्रह धरतो आणि त्याचं मराठी तुम्हाला आधीच पटलेलं असतं. भाषेच्या दाराने येणाऱ्यांसाठी याहून खात्रीचा रस्ता मला माहीत नाही.

ग्रंथालयात प्रत्यक्ष जाता येत असेल तर कपाटातले शेजारी पाहा. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत एका विषयाची पुस्तकं एकाच आकड्याखाली शेजारी येतात. आवडलेल्या पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक पाहून त्याच्या डावी-उजवीकडची पुस्तकं चाळली, की कोणीही न सुचवलेली नावं हाताला लागतात. इतिहास, प्रवास, विज्ञान यांना हा उपाय फार चांगला लागू पडतो. कादंबऱ्यांना तितका नाही, कारण त्या बऱ्याच ठिकाणी नुसत्या लेखकाच्या नावाने लावलेल्या असतात. पण तिथे ग्रंथपाल असतात. त्यांना वरचा नमुनाप्रश्न विचारून बघा. "पुस्तक कुठे आहे" याखेरीज त्यांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे खूश होऊन उत्तर देतात.

## ॲपच्या शिफारशी बिघडल्यात

याला थोडक्यात. नवं खातं असेल तर यंत्राला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं आणि ते गर्दीचीच पुस्तकं दाखवतं. पंधरा-वीस पुस्तकांना मत द्या, आणि त्यात न आवडलेली विसरू नका. जुनं खातं बिघडलं असेल तर बहुधा घरातल्या मुलांची पुस्तकं, भेट देण्यासाठी घेतलेली आणि परीक्षेपुरती घेतलेली अशी सगळी त्याच खात्यात मिसळली आहेत. खाती वेगळी करा, जुन्या नोंदी काढून टाका, "रस नाही" म्हणायची सोय असेल तर ती वापरा. विषयावरून जमत नसेल तर मनःस्थिती आणि गती विचारणारी सेवा पाहा. नादिया ओदुनायो यांनी उभी केलेली स्टोरीग्राफ हे विचारते, आणि कथानकाच्या जोरावर चालणारं पुस्तक हवं की पात्रांच्या, हेही.

## यादी वाढते, वाचन नाही

भिडेखातर पुस्तकं जमवणारे इथे पोचले असतील. शिफारस ऐकली की आपण नाव टिपतो आणि ऐकल्याचं समाधान तिथेच संपतं. वर्षभराने यादीत शंभर नावं दिसतात आणि ती का लिहिली ते एकाचंही आठवत नाही. उपाय: नावासमोर दोन गोष्टी लिहायच्या. कोणी सांगितलं, आणि त्याच्या किंवा तिच्या बोलण्यातलं कुठलं वाक्य ऐकून हे वाचावंसं वाटलं. वाक्य सुचत नसेल तर नाव टिपू नका. सांगणाऱ्याला वाईट वाटायचं काही कारण नाही, तुम्ही मान डोलावली आहे.

जुन्या यादीलाही हाच नियम लावा. ज्या नावासमोर काही आठवत नाही ते खोडा. पुस्तक तुमचंच असेल तर ते पुन्हा कोणाच्या तरी तोंडून येईलच.

## सोडायचं कधी?

नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे. पन्नास पानं वाचा, मग ठरवा. वय पन्नाशीपुढे असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं वाचा. साठीच्या वाचकाला चाळीस, ऐंशीच्या वाचकाला वीस. शंभरी गाठलीत तर मुखपृष्ठ पाहून ठरवायची मुभा.

नियम चांगला आहे, पण सोडण्याआधी प्रत हातात घेऊन दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्यापुढे आहे तीच आवृत्ती सुचवणाऱ्याने वाचली होती का? संक्षिप्त आवृत्त्या, एकाच पुस्तकाची दोन-तीन भाषांतरं, बारीक टंकातली दाटीवाटीची छपाई, यांतलं काहीही पुस्तकाचा जीव घेऊ शकतं, आणि सुचवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. ऐकायच्या पुस्तकात वाचणाऱ्याचा आवाज हीच आवृत्ती. तो पटला नाही तर तेच पुस्तक छापील घेऊन बघा. आणि विचारा, "पकड नेमकी कुठून घेतं?" काही पुस्तकं दीडशे पानांनंतर उघडतात. ते आधी माहीत असलं तर माणूस वाट पाहतो, नसलं तर वैतागतो.

## सुचवणाऱ्याला कळवा

सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपाय हा. पुस्तक जमलं नाही की आपण विषय काढत नाही, आणि समोरच्याने विचारलं तर "अजून वेळ नाही मिळाला" म्हणतो. त्यामुळे तो पुढचं पुस्तक त्याच अंदाजाने सुचवतो आणि तेही सुटतं. यंत्राला निदान आपण अर्ध्यात थांबलो ते दिसतं. माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं कसं?

सांगताना पुस्तकाचा निकाल द्यायचा नाही, जागा सांगायची. "आजीचं प्रकरण फार आवडलं, पण गोष्ट शहरात गेल्यावर माझं लक्ष उडालं" असं म्हटलं की जाणता वाचक लगेच विचारतो, "म्हणजे तुला आजी हवी होती की ते गाव?" याचं उत्तर द्या, आणि पुढचं पुस्तक त्यालाच सुचवू द्या. वडीलधाऱ्यांनी आग्रहाने दिलेलं असेल तर शब्द जरा जपून वापरा, पण जागा मात्र खरी सांगा. त्यांनी दिलेलं पुढचं पुस्तक पहिल्यापेक्षा तुमच्या जास्त जवळचं निघतं का ते पाहा. दोन-तीनदा कळवूनही फरक पडला नाही, तर गप्पा त्यांच्याशीच मारा आणि पुस्तकं दुसऱ्याला विचारा.